आईच्या विहिरीचे अकरा दगड

हॅलो? … हॅलो, कोण? … जीना! बोल गं. … हो, मीच, उर्सुला. माझ्या घरी माझ्याशिवाय फोन उचलतंय कोण? आलोशियस वाडीत पंप लावायला गेलेत. … आवाज? बसलाय. ओरडून ओरडून बसलाय. सकाळपासून चर्चच्या पटांगणात उभी होते, आत्ता येऊन टेकतेय. … नाही, गुडघे ठीक आहेत. दोन्ही ठीक. डोकं ठीक नाही माझं.

… हो, परवाच. रविवारी सकाळची मिस्सा, बिशप स्वतः येणार, मुलांचं फर्स्ट कम्युनियन, आणि मग नव्या पटांगणाला आशीर्वाद. कार्यक्रम आहे तसाच आहे. आशीर्वाद कशाला द्यायचा, ते तेवढं मला कळेनासं झालंय.

… अगं ऐक ना. म्हणजे तुला काहीच कळलं नाही? … माझा भाऊ असून फेबियनही बोलला नाही तुला? … मग बस आणि ऐक. … मासे नंतर साफ कर. झाकून ठेव, मांजर येईल.

काल मुलांची तालीम होती. … रांगेत चालायची गं, हात जोडून, मेणबत्ती धरून. एकोणतीस मुलं. आयांनी हौसेने पांढरे कपडे घालूनच आणलेली, फोटोसाठी. एकनाथने सकाळी पाइप लावून सगळं पटांगण धुतलं होतं… एकनाथ म्हणजे आगाशीचा गवंडी, दगड त्यानेच बसवलेत. नवे बूट चावतात म्हणून पोरं रडायला लागली, तर सिस्टर म्हणाली काढा बूट, मोज्यांवर चाला. दोन फेऱ्या झाल्या आणि एका पोरीची आई किंचाळली. … पडलं नाही गं कुणी. मोजे! पांढरे मोजे आणि लांब झग्यांच्या कडा… काळ्या. तेलकट काळ्या. गॅरेजमधून उठून आल्यासारखी पोरं!

… डांबर नाही. मलाही आधी तेच वाटलं. वाकले, बोट लावलं, नाकाशी नेलं. शी! अजून वास जात नाही बोटाचा, तीनदा साबण लावला. जळकं ऑइल गं. ट्रकच्या इंजिनातून काढून फेकतात ना, ते. चर्चच्या दारात!

… सांडलेलं नाही. चोपडलेलं. दगडांना चोपडलेलं. … मुद्दाम! जुने दिसावेत म्हणून!

… थांब, कुकर बंद करते. …

हं, बोल. … काय कळलं नाही त्यात? बरं, पहिल्यापासून सांगते. पटांगण उखडलं होतं, आठवतंय? सिमेंटच्या सगळ्या ब्लॉकांना भेगा. कौन्सिलमध्ये अर्धे म्हणाले पुन्हा ब्लॉक टाका, अर्धे म्हणाले राजस्थानचा गुळगुळीत दगड आणा. तेव्हा आपली ज्युली उठली. माझी विद्यार्थिनी गं, माणिकपूरला ऑफिस आहे तिचं, इमारतींचे नकाशे काढते. ती म्हणाली, टीचर, नवा दगड आणायचा म्हणजे खाण फोडायची, मशीनवर कापायचा, हजार किलोमीटर ट्रकमध्ये घालून आणायचा. त्यात जे डिझेल जळतं, जी वीज जाते, तो सगळा धूर त्या दगडाच्या नावावर. आपण पहिली लादी बसवायच्या आधीच हवा नासलेली असते. आणि आपल्या गावात जुनी घरं पाडून टॉवर झाले, बंगले झाले, त्यांचे काळे दगड वाड्यांत केळीखाली पडलेत. बैलगाडीतून आलेले दगड. ते वापरा. एक नवा दगड कापायला लागणार नाही.

… हो ना, सुंदरच! मीच पहिली टाळी वाजवली. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एवढं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. समिती नेमली. प्रमुख कोण? मी. घरोघर कोण फिरलं? मी. नवा गुडघा घेऊन, काठी टेकत.

… आणि नावं वाचायची कल्पनाही माझीच. तेच तर! प्रत्येक रविवारी मिस्सा संपली की मी माइकवर जायचे. अमुक घराने नऊ दगड दिले, आजोबांच्या ओट्याचे. तमुक घराने पंधरा, जुन्या खळ्याचे. टाळ्या! आपली माणसं तुला ठाऊक आहेत, सणाला केळीच्या पहिल्या घडाचा लिलाव लागला की शेजाऱ्याच्या वर बोली नेल्याशिवाय झोप येत नाही कुणाला. मी ती हौस दगडात आणली. मला वाटलं, चांगल्या कामाला लागतेय. कपाळ माझं!

… अगं म्हणजे काय म्हणजे? ज्यांच्याकडे जुना दगड उरलाच नव्हता, ते काय करणार? शेजारी नऊ देतो, त्याचं नाव चर्चमध्ये वाचलं जातं, आपलं नाही. मग गेले हायवेला. तिथे एक वखार आहे म्हणे. फार्महाऊसवाल्यांसाठी ‘ॲन्टिक’ करून देतात. आता खाणीतून आलेली लादी घेतात, मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात, कडा मोडतात. मग तारेच्या ब्रशने घासतात. मग जळकं ऑइल. मग चार दिवस चिखलात. झाला दगड शंभर वर्षांचा!

… हसू नकोस जीना. … मग खोकलीस तर खोकलीस. पाणी पी.

… बेचाळीस घरांनी दिले. त्यातली किती खोटी ते आज सकाळपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. पण ज्युलीने दगड सिमेंटमध्ये घालू दिले नव्हते. वाळूवर बसवायला लावलेत, पुढेमागे उचलून परत वापरता यावेत म्हणून. आणि प्रत्येक दगडाच्या पोटाला मी रंगाने घराचा नंबर घातलेला. आज सकाळी एकनाथने पहार घेतली आणि रांगेने एकेक उचलून दाखवला मला. जुन्या दगडाला पाठीवर टाकीचे घाव असतात, आडवेतिडवे, हाताने मारलेले. यांच्या पाठीवर मशीनच्या रेषा. वहीला असतात तशा सरळ! वरून म्हातारा, खालून कालचा. आणि झीज बघ… जुना दगड माणसं चालतात तिथे झिजतो, एका अंगाला. हे चारी बाजूंनी सारखे झिजलेले. कुठला माणूस दगडाच्या चारी कोपऱ्यांवर सारखा चालतो?

… चौदा. चौदा घरं!

… नावं सांगते ना. रविवारी सगळ्या गावाला सांगणारच आहे, तुला आधी कळली तर काय बिघडलं. एरॉल! … हो, तोच, कोयरमध्ये पुढे उभा राहून गातो तो. त्याने माझ्याकडून माइकवर काय वाचून घेतलं होतं माहितीय? म्हणे या लादीवर बसून आमचे पणजोबा दाढी करून घ्यायचे. लोक हेलावले होते! सकाळी ती लादी उलटी केली, तर पाठीवर वखारीचा खडूचा आकडा तसाच्या तसा. विचारलं, एरॉल, पणजोबांनी लिहिला का रे हा? तर म्हणतो, टीचर, भावना खरी होती. भावना! मी सगळ्यांसमोर परुशी म्हणाले त्याला. परुशी आणि ढोंगी. वरून पांढरी केलेली कबर म्हणाले. … हो, रडला. रडू दे.

… अगं आणि तो एकटा आहे का? एका घराचे दगड खरे निघाले, मला जरा बरं वाटलं. तर कळलं की घरासमोरचं चांगलं धडधाकट खळं उखडून दिलंय, आणि तिथे सिमेंटचे नवे ब्लॉक टाकलेत. ज्युलीने डोक्याला हात लावला. म्हणजे सिमेंट वाचवायला दगड मागितले, आणि ते द्यायला लोकांनी सिमेंट ओतलं. आणखी एकाने स्वतःचे खरे दगड फार्महाऊसला विकले आणि आम्हाला ॲन्टिक आणून दिले. आमच्या बोलीत एक शब्द आहे अशा माणसाला. तुला समजायचा नाही, तू मुंबईची, आणि समजू नये तेच बरं.

… बोर्ड? तयार आहे ना बोर्ड. दारापाशी लावलाय, वर कापड. ‘या पटांगणात एकही दगड नव्याने कापलेला नाही. आठ टन कार्बन वाचला.’ ज्युलीने हिशोब करून दिला होता. आता ती म्हणते, टीचर, वाचला की वाढला तेच मला सांगता येत नाही.

… फादर? फादर मऊ माणूस. म्हणाले, रविवार होऊन जाऊ दे, बिशपसमोर नको, मग बघू. मी म्हटलं, फादर, त्या कागदावर सही माझी आहे. आशीर्वादाच्या आधी समितीचा अहवाल मी वाचायचाय. मी बिशपसमोर उभी राहून, एकोणतीस पोरांसमोर, खोटं वाचू? पहिल्यांदा प्रसाद घेणार ती पोरं, आणि त्यांच्या पायाखाली काय? … नाही. ठरलं माझं. चौदा घरांची नावं वाचणार. जशी टाळ्या घ्यायला वाचली, तशीच वाचणार.

… कोण तोडून टाकेल? … तुटू देत संबंध. ज्याला लाज वाटायची त्याला वाटू दे.

… असं कसं म्हणतेस, तुला कशाला त्यांची दया? … अगं, निदान आपल्या घरी तरी खोट नाही! तेवढ्या जोरावरच उभी आहे मी. शेवटची रांग, दाराला लागून, बिशप जिथून आत पाऊल टाकणार, तिथे आईच्या विहिरीचे अकरा दगड आहेत. एकनाथ पहार घेऊन तिथे आला तेव्हा मीच म्हटलं, ते राहू दे रे, ते माझ्या माहेरचे आहेत. तो म्हणाला, बाई, तुम्ही राहू दे म्हणत असाल तर राहू देतो.

… हॅलो? … जीना? … ऐकू येतंय ना? … मग गप्प का?

… माझ्या लग्नात उंबराचं पाणी त्याच विहिरीवरून काढलं होतं. तू तेव्हा नव्हतीस. बँड लावून सगळ्या बायका निघाल्या नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला, मावशी पुढे, डोक्यावर कळशी… आई काठावर उभी. मला तेवढंच दिसत होतं सकाळी, त्या रांगेकडे बघून. बाकी सगळी घाण, पण एवढं तरी…

… काय? … मोठ्याने बोल. … रडतेस कशाला? … कुठले दगड?

… परत सांग.

… नाही. … नाही, जीना. टेम्पोतून आले होते. नोव्हेंबरात. मी खुर्चीत होते, आलोशियसनी उतरवून घेतले. मी बघितलेत ते. … कुठल्या वखारीतून?

… हायवेच्या.

…

… आहे. आहे मी फोनवर. बोल.

… मग आईचे कुठे आहेत? … फोडून बोल ना! … कशात? विहिरीत?

… बुजवली? कधी? … गेल्या मे महिन्यात! … मी कशी येणार होते, एप्रिलमध्ये एक गुडघा, ऑगस्टमध्ये दुसरा, ईस्टरनंतर मी तिकडे फिरकलेच नाही. आणि तुम्ही कुणी शब्द काढला नाहीत. दर रविवारी फोन करायचीस तू मला! कढी केली, कोलीम-सुकट वाळत घातलं, सगळं सांगायचीस. आणि विहीर बुजवली ते तेवढं राहिलं?

… पाणी खारं झालं होतं. बरं. … डास. बरं, कबूल. … गाडी कुठे लावायची, कबूल, गाडी मोठी घेतली. पण काठाचे दगड का आत टाकले? … डंपर कशाला मागवायचा म्हणून? भरणी कमी पडली म्हणून काठच ढकलला आत?

आईच्या विहिरीत आईचेच दगड टाकलेत तुम्ही. … शी. … शी, जीना! तिने रोज सकाळी राखेने घासले ते. … नाही, मला सांगू नकोस कोण काय म्हणालं. तू दारात उभी राहून बघत होतीस ना? बघत होतीस. वरून सिमेंट ओतलंत आणि गाडी लावलीत.

… आणि मी मागितल्यावर? … का? नाही म्हणायचं होतं! विहीर नाही राहिली, ताई, दगड नाहीत. दोन वाक्यं. मी चार दिवस बोलले नसते, मग बोलले असते. … मला वाईट वाटेल म्हणून? … ऑपरेशन झालेलं, म्हणून? … म्हणजे माझ्या मायेपोटी दगडांना ऑइल चोपडलंत?

… तुला माहितीय, मी काय केलं होतं? ते टेम्पोतून उतरवले तेव्हा? … आलोशियसनी नाही सांगितलं? मग ऐक. मी खुर्ची जवळ घ्यायला लावली. हात लावला दगडाला. आई आठवली. रडले मी जीना, त्या दगडाला हात लावून रडले, आणि त्या हाताने क्रूसाची खूण केली. तो हात कपाळाला लावला. … जळकं ऑइल! … मला वास आला होता थोडा. येतो ना वास, तेव्हाही आला. मला वाटलं टेम्पोचा. एरॉलला विचारते, पणजोबांनी लिहिलं का! आणि मी? कातडं सोलून ठेवावं असं वाटतंय. किळस येतेय मला या हाताची.

आणि एकनाथला माहीत होतं. … माहीतच होतं गं! तुम्ही राहू दे म्हणत असाल तर. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ज्याने आयुष्यभर दगड बसवले तो बसवतानाच ओळखणार नाही? त्याने माझी अब्रू झाकली. गवंड्याने झाकली, आणि मी काठी उगारून दुसऱ्यांची काढत होते.

… थांब. … थांब, एकेक बोल. म्हणून फोन केलास होय आज! मासे साफ करता करता आठवण आली म्हणालीस. कुणी सांगितलं, दगड उलटे करतायत म्हणून? … वखारवाल्याने? तो सगळ्यांना फोन करून सावध करतोय? वा. गिऱ्हाईकं सांभाळतो. आणि तू मला सगळं बोलू दिलंस. एरॉल, चौदा घरं, सगळं बोलू दिलंस.

… काय म्हणायचंय? … उचलून? आज रात्रीत अकरा दगड उचलून खाडीत फेकायचे? … अगं, तेच तर करता येत नाही! सकाळी मीही म्हणाले होते, फेका ते सगळे. ज्युली म्हणाली, टीचर, खाण फुटली ती फुटली, ट्रक आला तो आला. आता ते फेकले तर तो धूर फुकट गेला आणि त्या जागी घालायला आणखी आणावे लागतील. आता ते दगड आपले झाले, वापरायलाच हवेत. … हो. शंभर वर्षं. मी मरेपर्यंत प्रत्येक मिस्सेला त्यांच्यावरूनच आत जायचं, आणि शवपेटीतही त्यांच्यावरूनच. त्यातून सुटका नाही.

… बोल. … म्हणजे फक्त आपलं नाव…

…

… चौदाच वाचायची. … एकनाथ बोलणार नाही, हे खरं. … फादरना तर नकोच आहे काही. … आणि शेवटची रांग कुणी उचलून बघणार नाही. मीच नको म्हटलंय.

… सोपं आहे, हो. खरंच सोपं आहे. … माहितीय जीना, तू म्हणालीस आणि मला एकदम हायसं वाटलं. अर्धा मिनिट मी मनात ते वाचूनही पाहिलं. एरॉलच्या नावावर आवाज चढवून. इतकं सहज जमलं मला. … थू!

… नाही. पंधरा वाचणार. … पंधरा. … अगं रडून काय होणार आता, तू त्याला…

कोण बोलतंय मागे? … दे त्याला. … दे म्हणते ना!

… फेबियन. … बोल. … नाही, ताई वगैरे नको आत्ता, काय ते बोल. … दगडच होते, बरोबर. मी कुठे म्हणते सोनं होतं? दगड होते म्हणूनच सांगायला काय जड होतं? … मला कळतंय पाणी खारं झालं होतं. पाण्यावर भांडत नाहीये मी. विहीर बुजवलीस ती तुझी जागा, तुझा हक्क. माझ्या हातात तेल चोपडलेला दगड देऊन आई म्हणालास, त्याबद्दल बोलतेय.

… कुणाचं नाव? … हो. तुझं. फेबियन घोन्साल्विस, आगाशी. आणि शेजारी माझं. उर्सुला लोपीस, समितीप्रमुख, हिने न बघता घेतले. दोघांचं वाचणार. … बाबांचं नाव? बाबांनी काय केलं? बाबांचं नाव मी कुठेच घेणार नाही, घाबरू नकोस.

… तुझ्या सोसायटीतले लोक येणार आहेत? मग ऐकतील. एरॉलचे सोयरे येणार आहेत, व्याही येणार आहेत. त्यांनी ऐकलेलं चालतं?

… काय म्हणालास?

… नाही, ऐकू आलं मला. तरी परत म्हण. जीनाला ऐकू येईल असं म्हण.

… तुझ्या घराची पायरी चढायची नाही. … ईस्टरला नाही. … कुणाच्या मयतीलाही नाही. … बरं.

… बरं, फेबियन. … नाही, ओरडत नाहीये मी. मघाशी ओरडत होते, ती चौदा जणांवर. आता आवाज नाही राहिला. … तू चौथीत होतास तेव्हा वर्गात काच फोडलीस आणि मी बाईंना सांगितलं होतं मी फोडली म्हणून. आठवतं? छड्या खाल्ल्या होत्या मी. … हो, तशीच अपेक्षा आहे तुझी. म्हणूनच सांगतेय. तेव्हा मी सातवीत होते, तुझी मोठी बहीण, तेव्हा तो शहाणपणा वाटला. आता अडुसष्टची आहे.

… तू ये किंवा नको येऊस. मी वाचणार. पहिलं आपलं, मग ती चौदा. त्यांत एरॉलचं सगळ्यात शेवटी, आणि त्याची माफी मागून. … नाही, माझी गरज आहे म्हणून. … फेबियन, ऐक, जीनाला बोलू नकोस काही, तिने निदान फोन तरी… हॅलो? … फेबियन?

… हॅलो?

ठेवला.

… अहो, आलात? पाय धुवा आधी, चिखल आणू नका आत. … हो, फेबियनकडचाच होता. … बरे आहेत. … नाही, रविवारी येणार नाहीत. … आता कधीच नाही बहुतेक. … सांगते, सगळं सांगते, पण आधी टेबलावरचा तो अहवालाचा कागद द्या इकडे. चष्माही द्या. … पेन्सिल नको हो. पेन द्या. पेन्सिलीने लिहिलं तर रविवारपर्यंत मी खोडून टाकेन.